एका हाताची पेटी

तिची ओळख करून घ्यायची तर आपल्यालाच वाकावं लागतं. उठून पुढे येणाऱ्यांतली ती नाही. वरळी कोळीवाड्यातल्या एका छोट्या होडीच्या मागच्या अंगाला, इंजिनाला खेटून, फळीखाली ती बसलेली असते. सव्वा हात लांब, वीतभर उंच, अंगानं सागवानी, आणि वर्षानुवर्षं डिझेल पिऊन जांभळासारखी काळी. भोवती रंगीत प्लास्टिकच्या टोपल्या, नारिंगी लाइफ जॅकेटं, पांढरं फायबर. त्या सगळ्या नव्या संसारात हीच तेवढी जुन्या घरातली दिसते.

ती आहेच जुन्या घरातली. नाखव्याची लाकडी होडी मोडीत निघाली आणि फायबरची आली, तेव्हा जुनीच्या दोन फळ्या त्यानं बाजूला काढून ठेवल्या आणि सुताराकडून हत्यारांसाठी ही पेटी करून घेतली. म्हणजे ज्या होडीत ती राहते त्या होडीपेक्षा ती वयानं मोठी. वागणंही तसंच. नवा खलाशी आला की ती त्याला झाकण उघडू देत नाही. खाऱ्या दमट हवेनं लाकूड फुगतं आणि झाकण धरून बसतं. उजव्या कोपऱ्यावर मुठीचा एक ठोका दिला की सुटतं. डाव्या कोपऱ्यावर दिला की आणखी घट्ट होतं. हे कुणी कुणाला सांगत नाही. पोरगा दहा-बारा दिवस झगडतो आणि एके दिवशी पहिल्याच ठोक्यात झाकण उघडतो. त्या दिवसापासून नाखवा त्याला इंजिनाजवळ बसू देतो.

नाखव्याचा तिच्याबाबतीत एकच नियम आहे. ती एका हातानं उचलता आली पाहिजे, कारण दुसरा हात होडीचा. होडी हलत असते, पायाखाली ओलं असतं, मासळीचा चिकटा असतो. दोन्ही हात पेटीला दिले तर माणूस इंजिनावर तरी पडेल नाहीतर पाण्यात. या नियमापायी तिचा सगळा स्वभाव घडला आहे. नवं कुणी आत यायचं तर आधी आतलं कुणीतरी बाहेर जातं. मोठ्या गॅरेजच्या भिंतीवर पाने ओळीनं टांगलेले असतात, तो थाट तिला परवडत नाही. पण तिच्याइतकी निवडून-पारखून माणसं ठेवणारी दुसरी कुणी मला माहीत नाही.

ही निवड कशी झाली, त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मासेमारी बंदीच्या एका पावसाळ्यात नाखव्यानं इंजिनाजवळ बसून प्रत्येक नट-बोल्ट मोजला. कुठल्या मापाचे किती, कुठल्याला कुठल्या बाजूनं हात पोचतो, कुठला समुद्रात सोडवावा लागतो आणि कुठला फक्त किनाऱ्यावर मिस्त्रीनं सोडवायचा, सगळं पोराच्या शाळेच्या वहीत उतरवून काढलं. त्या हिशोबात 13 आणि 17 मापाचे नट सगळ्यांत जास्त निघाले. मग पेटीतून जे गेले ते गेले. होडीवर ज्यांच्या मापाचा एकही नट नव्हता असे तीन पाने घरी परतले. इंजिनाचं डोकं सोडवायची सगळी अवजारं गेली. डोकं सोडवायची वेळ आली तर समुद्रात ते करायचंच नाही, दुसऱ्या होडीचा दोर घ्यायचा. राहिले ते 10-11, 12-13, 14-15, 16-17 आणि एक म्हातारा.

हा म्हातारा म्हणजे पाऊण इंची पाना. आधीच्या होडीचं इंजिन इंचाच्या मापाचं होतं; ते भंगारात गेलं, हा राहिला. आताचं इंजिन मिलिमीटरचं. पण पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर, आणि इंजिन ज्या बोल्टांवर बसलं आहे ते 19 चे. त्यामुळे नव्या राज्यात जुन्या माणसाची नोकरी टिकली. त्याचं तोंड थोडं झिजलंय, पण पेटी त्याला सगळ्यांत खाली, मऊ फडक्यावर झोपवते.

नवीन पाना घ्यायचा तर नाखवा मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर जातो. नटबोल्टांपासून पंपांपर्यंत सगळं मिळणारी ती गल्ली. दुकानदार काउंटरवर आठ पान्यांचा संच उघडून ठेवतो, नाखवा त्यातला एकच सुटा मागतो. बहुतेकदा तपारियाचा, म्हणजे आपल्या नाशिकच्या सातपूरच्या कारखान्याचा. मग पाणी मागतो. दुकानदाराला वाटतं प्यायला. नाखवा त्या पाण्यानं तळहात ओला करतो, पाना मुठीत धरतो आणि मनगट फिरवतो. कोरड्या हातात सगळेच पाने शहाणे असतात. चकाकी जास्त असलेला पाना ओल्या हातातून निसटतो, आणि समुद्रात कोरडा हात मिळत नाही.

चकाकीवरून पेटीनं एकदा मोठाच अपमान केला. आखातात नोकरीला असलेल्या पुतण्यानं काकासाठी चाळीस नगांचा सॉकेटचा संच आणला. लाल प्लास्टिकची पेटी, आत प्रत्येकाला आपापला खड्डा, मधे करकर फिरणारं रॅचेट. पोरानं एवढ्या हौसेनं आणलेलं, तर तो संच एक हंगाम होडीवर राहिला. ही बाजूला गप्प बसून होती. दिवाळीपर्यंत रॅचेटच्या दातांत मीठ आणि गंज बसला आणि ते फिरेना. खड्ड्यांत पाणी साचून लहान सॉकेटं चिकटली. तिचे पाने मात्र एकमेकांच्या अंगावर पडलेले, जळक्या ऑइलच्या फडक्यात गुंडाळलेले, काळेकुट्ट आणि ठणठणीत. बाहेरून इतकी दरिद्री दिसणारी ही पेटी आतल्या माणसांच्या अंगाला रोज तेल लावते. मासळी उतरली, होडी धुतली की नाखवा एकेक पाना पुसून ठेवतो, आणि ते झाल्याशिवाय घरी जात नाही.

प्रत्येक पान्याच्या शेपटाला जाळ्याच्या नायलॉनचा हातभर दोरा बांधलेला आहे. पाहुण्यांना ती सजावट वाटते. पूर्वी तो दोरा नव्हता. इंजिनावर वाकलेल्या नाखव्याच्या हातून एकदा 10-11 चा पाना निसटला, कठड्यावर टणकन वाजला आणि पाण्यात गेला. वाजलेला तो एवढासा आवाज नाखवा अजून सांगतो. त्या दिवशी होडी ओढून आणावी लागली. तेव्हापासून दोरा आला, आणि 10-11 चे दोन पाने आले. बाकी सगळे एकेकटे. जोडी फक्त याचीच, कारण याचं काम सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत निकडीचं: एअर काढणं.

डिझेल इंजिनाला हवा सोसत नाही. टाकी अर्ध्यावर आली आणि लाटांनी डिझेल इकडून तिकडे हेलकावलं की नळी तेलाबरोबर हवाही ओढते. पंपाला तेल दाबता येतं; हवा दाबली की ती नुसती आकसते, नोझलपर्यंत जोर पोचत नाही, आणि इंजिन दोनदा खोकून गप्प होतं. मग फिल्टरवरचा छोटा स्क्रू 10 च्या पान्यानं ढिला करायचा, हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग एकधारी स्वच्छ डिझेल. ते दिसलं की स्क्रू बंद. किनाऱ्यावर पाच मिनिटांचं काम.

समुद्रात ते किती मिनिटांचं असतं हे मार्चातल्या एका पहाटे कळलं. ओहोटी लागलेली, मतलई वारा पाठीशी, होडी खाडीतून बाहेर निघालेली. समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू. 30 जून 2009 ला त्याचं उद्‌घाटन झालं, तेव्हापासून इथल्या होड्यांची वाट त्याच्या खांबांमधून जाते. खांब अंधारातून वर येताना दिसू लागले आणि इंजिन खोकलं. नाखवा खलाशी पोरावर ओरडला, “पोरा, आधी नांगर!” नांगर पेटीत मावत नाही, पण तो पडल्याशिवाय पेटी उघडायची नाही असा होडीवरचा शिरस्ता आहे. नांगर पडला, पण चिखलात धरेना, ओढत राहिला. ओहोटी आणि वारा दोन्ही होडीला खांबांकडे रेटत होते. पोरानं पेटीच्या उजव्या कोपऱ्यावर ठोका दिला. पहिल्याच ठोक्यात उघडली. पाना हातात, दोरा मनगटाला. हात थरथरत होता. पाना दोनदा सुटला आणि दोन्ही वेळा दोऱ्याला लोंबकळून परत मुठीत आला. फेस, बुडबुडे, धार. इंजिन लागलं तेव्हा खांबावर चिकटलेली कालवं पोराला वेगवेगळी दिसत होती.

म्हणून किनारी रस्त्याच्या पुलाचे खांब रोवायला घेतले तेव्हा वरळीचे कोळी अंतरावर अडून बसले, यात मला हट्ट दिसत नाही. क्लीव्हलँड बंदरातून होड्या बाहेर पडतात त्या वाटेवर दोन खांबांत 60 मीटर ठेवायचे ठरले होते. कोळ्यांनी 160 मीटर मागितले. काम थांबलं, बैठका झाल्या, आणि 2022 च्या अखेरीस 120 मीटर मान्य झाले. त्यासाठी एक खांब गाळला. चालू इंजिनाची होडी 60 मीटरांतून सहज जाईल, हे कागदावर खरं आहे. पण बंद इंजिनाची होडी सरळ जात नाही, ती आडवी होते आणि लाटेबरोबर वाहते. तिला लागणारी जागा ज्यांनी हातात 10 चा पाना धरून मोजली आहे, त्यांचाच आकडा धरायला हवा होता.

नाखव्याचा मेव्हणा उरणचा. न्हावा-शेव्याचं बंदर 1989 मध्ये सुरू झालं आणि तिकडच्या कितीतरी आगरी-कोळी घरांतली मुलं कंटेनरच्या ट्रेलरवर चढली, त्यांतला तो एक. कसारा घाट चढून इंदूरपर्यंत जाणारा. त्याच्या ट्रेलरच्या अंगाला लोखंडी पेटी आहे, आणि ती खरी जमीनदारीण: बाटली-जॅक, व्हील पाना, त्यावर जोर द्यायला कमरेएवढा पाइप, चाकाखाली घालायचे लाकडी ठोकळे, टायर ठोकून हवा ओळखायची हातोडी, साखळ्या, दोरखंड, ताडपत्री शिवायचा दाभण. तो होडीवर आला, या पेटीत डोकावला आणि म्हणाला, “भावजी, एवढ्याशा सामानावर दर्यात जाता?”

नाखव्यानं उत्तर दिलं नाही. मेव्हणा वस्तू एकेक काढून बघू लागला आणि हळूहळू त्याचा आवाज बदलला. अंग धुवायच्या साबणाची वडी बघून तो हसला नाही, त्यानं मान हलवली. टाकीला बारीक भोक पडलं की ओलसर साबण चोळून दाबायचा. डिझेल त्याला विरघळवत नाही, आणि घरी पोचेपर्यंत गळती थांबते. ही विद्या ट्रकवाल्यालाही ठाऊक असते. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, तांब्याची तार, होजचे चार क्लिप, एम-सील, पंपाचा पट्टा. त्याच्याकडेही हेच होतं. मग दोघं चहा पीत बसले आणि फरक कुठे आहे तेही निघालं. ट्रेलर बंद पडला तर आहे तिथे उभा राहतो, मागे झाडाच्या फांद्या टाकून माणूस ढाब्यापर्यंत चालत जातो, मिस्त्री मोटारसायकलवर येतो. म्हणून त्याची पेटी जड उचलण्यासाठी भरलेली. होडी उभी राहत नाही आणि चालत जायला जागा नाही. म्हणून हिची पेटी थोड्या वेळात होणाऱ्या कामांसाठी भरलेली. जे काम अर्ध्या तासात होत नाही, त्याचं हत्यार ती ठेवत नाही.

तिच्यात एक वस्तू मात्र अशी आहे की जी पेटीतल्या बाकी माणसांशी बोलत नाही. हॅकसॉचं अर्धं तुटलेलं पातं, एका टोकाला कापड गुंडाळून सुतळीनं आवळलेलं. शेजारी धारदार सुरी असते, पण मान या तुकड्याला. होडीखालच्या पंख्यात जुनं जाळं किंवा दोर गुरफटला की नायलॉन दांड्याभोवती आवळत जातो, घर्षणानं तापून वितळतो आणि दगडासारखा होतो. सुरी त्यावरून घसरते. करवतीचे दात मात्र खातात. हे पातं घेऊन माणसाला पाण्यात उतरावं लागतं, इंजिन बंद करून, कमरेला दोर बांधून, श्वास धरून. ते पातं काढताना होडीवर कुणी बोलत नाही.

आणि पंख्यात हल्ली दोरापेक्षा जास्त येतं ते प्लास्टिक. पिशवी इंजिनाला थंड करणाऱ्या पाण्याच्या तोंडावर चिकटते, पाणी बंद होतं, आणि पंपातला रबराचा इम्पेलर कोरडा फिरून काही क्षणांत जळतो. धुराबरोबर मागून पाणी पडतंय की नाही, याकडे नाखव्याची एक नजर कायम असते. पूर्वी पेटीत एक सुटा इम्पेलर असायचा, आता दोन असतात. त्या दुसऱ्यासाठी छिन्नी बाहेर गेली. समुद्राला मिळणाऱ्या आपल्या नाल्यांनी पेटीतली एक जागा अशी खाल्ली आहे, आणि याचा तिला राग आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं, मलाही आहे.

उसनवारीच्या बाबतीत तिचे दोन स्वभाव आहेत. जमिनीवर ती कुणाला काही देत नाही. गॅसचा रेग्युलेटर अडकला, सायकलचं चाक सुटलं, लग्नाचा मांडव बांधायचा आहे, पक्कड द्या म्हणून गल्लीतून कुणी आलं तर नाखवा सरळ नाही म्हणतो आणि ओशाळतही नाही. पावसाळ्यात तर घरातल्यांनाही देत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. होडी वर काढलेली, पेटी पलंगाखाली. त्याच्या बायकोला एकदा चिंबोऱ्यांचे डेंगे फोडायला हातोडी हवी होती. ती म्हणाली, “दोन महिने माझ्या घरात जागा अडवून बसलीय, एवढंही करणार नाही का ती?” हातोडी काही मिळाली नाही. डेंगे वरवंट्यानं फुटले.

समुद्रावर मात्र तिच्याइतकं उदार कुणी नाही. शेजारची होडी बंद दिसली की नाखवा जाळं अर्ध्यावर टाकून तिकडे वळतो, आणि पेटी या होडीतून त्या होडीत एका हातानं जाते. तिथे कुणाची होडी, कुणाशी बोलाचाली बंद, हे विचारलं जात नाही. इम्पेलर दिला तर पैसे नंतर, आणि बहुतेकदा पैशांऐवजी शेवंड येते. परत आलेली पेटी नाखवा मोजून घेतो. एकदा 14-15 चा पाना आला नाही. कुणाच्या होडीवर राहिला ते त्याला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं, आणि नारळी पौर्णिमेला मिरवणुकीत त्या घरचा मुलगा तो पाना तेल लावून, फडक्यात बांधून घेऊन आला.

वर्षातून एक दिवस ती नटते. खंडेनवमीला तिच्यातल्या सगळ्यांना केरोसिननं आंघोळ घालतात, जुन्या वर्तमानपत्रावर मांडतात, हळद-कुंकू लावतात. पाऊण इंची म्हातारा त्या दिवशी मधोमध असतो. झेंडूची माळ पेटीच्या कडीला दुसऱ्या दिवसापर्यंत राहते आणि मग दर्यात जाते. कोळीवाड्याच्या गोल्फादेवीला नारळ वेगळा. हा मान हत्यारांचा. माझ्या पाहण्यात तरी त्या दिवशी झाकण ठोक्याशिवाय उघडतं.

गेल्या हंगामात पोरगा डोक्याला बांधायचा टॉर्च घेऊन आला. अंधारात एअर काढताना एक खलाशी नुसता बॅटरी धरून उभा राहायचा आणि त्याचा हात वाया जायचा. नाखव्यानं टॉर्च डोक्याला बांधून पाहिला, इंजिनावर वाकला, दोन्ही हात मोकळे आहेत हे बघितलं. मग पेटी एका हातानं उचलली, खाली ठेवली, आणि आतून पाइप पाना काढून घरी नेण्यासाठी बाजूला ठेवला. टॉर्च त्याच्या जागी बसला. सॉकेटच्या लाल संचानंतर नव्या पिढीतलं तिनं घरात घेतलेलं हे पहिलंच माणूस.

तुम्ही कधी सागरी सेतूवरून पहाटे गेलात तर डाव्या-उजव्या हाताला खाली एकदा बघा. एखादी छोटी होडी नांगरावर आडवी झालेली दिसेल, आणि मागच्या बाजूला कपाळावर दिवा बांधलेला कुणीतरी वाकलेला असेल. पेटी उघडलेली आहे. थोड्या वेळात इंजिन लागेल.